नायकाचे खांदे

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. नायकाच्या अंगाला हात लावायचा नाही. काही चुकलंच, तर ते कपड्याचं. आणि का, हे विचारायचं नाही.

हा नायक खरा नव्हता. जंगलातल्या पिल्लांसाठी संगणकावर एक खेळ तयार होत होता, त्यातलं ते अस्वल. त्याचं अंग थोरल्या मंडळींनी, म्हणजे जंगलाच्या पंचांनी, ठरवलं. "तरुणपणी आम्ही असेच होतो," म्हणत अण्णा अस्वलांनी छाती दाराएवढी सांगितली आणि कंबर मुठीएवढी. मोजपट्टी कुणी आणलीच नाही.

त्याला कपडे बसवायचं काम टोचणीकडे होतं. टोचणी म्हणजे शिंपी पक्ष्यांतली, कॉलेजात शिकून आलेली पोर. तिचे टाके सुईचे नव्हते, संगणकावरचे होते.

नायक हात पसरून उभा राहिला की अंगरखा झकास दिसे. हात वर केला की खांदा काखेतून बाहेर. खाली बसला की पोट कापडातून आरपार. टोचणीने तीन महिने शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं. मग ती अण्णांकडे गेली.

"अण्णा, याचे खांदे दोन बोटं खाली घेते. सगळं बसेल."

"नियम ठाऊक आहे ना?"

"खेळातल्या अस्वलिणीची कंबर गेल्या आठवड्यात तीनदा तासायला लावलीत. तेव्हा कुठे गेला होता नियम?"

"तिचं वेगळं," शेजारी बसलेले तात्या वानर म्हणाले.

"काय वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं! चोच फार चालते गं तुझी."

थोरल्यांनी मग तोडगा काढला. नायकाने बसायचं नाही. हातही वर करायचा नाही.

"मग तो झाडावर चढणार कसा?" टोचणीने विचारलं.

"मर्दाला चढावं लागत नाही, पोरी. झाडच वाकतं."

खेळ दाखवायचा दिवस आला. नायकाच्या मापाचे खरेखुरे अंगरखे शिवून घेऊन सगळे पंच मिरवत आले. प्रत्येकाला आत कोंबायला चार माकडं लागली होती. श्वास बेताने घेत, हात पसरून, सगळे ओळीने उभे राहिले. बसायचं कुणी नावच काढेना.

"टोचणे, 'माप अचूक' म्हणून शिक्का मार," अण्णा म्हणाले.

"नाही मारणार."

"मग उद्यापासून तुझी इथली कामाची फांदी दुसऱ्याला."

त्या फांदीसाठी टोचणीने दोन उन्हाळे उंबरे झिजवले होते.

"घ्या फांदी. खोट्या मापावर माझा शिक्का उठणार नाही."

"बघितलंत? हे असलं शिकवतात कॉलेजात!" अण्णा कडाडले. "पंचहो, हिला काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

अण्णांनी स्वतःचाच हात वीतभर उचलला. काखेत टर्रकन आवाज झाला. हात तिथेच थांबला.

तात्यांनी आपल्या काखेकडे पाहिलं आणि मग आभाळाकडे. बाकीच्यांनी तर श्वासही सोडला नाही.

"करा ना वर," टोचणी म्हणाली. "की अजून चूक कपड्याचीच आहे?"

एकही हात वर गेला नाही.

तात्पर्य: थोरांचं माप कधीच चुकत नाही, मुलांनो. फक्त त्यांनी हलायचं नसतं.