यामिनी खासनीस यांचं स्थलांतर

ज्या दुपारी कर्नलमधला आभासीकरणाचा कोड नव्या फोल्डरमध्ये हलवला गेला, त्याच दुपारी तो लिहिणारी चार माणसंही आभासी झाली. यामिनी खासनीस त्यांतली एक.

बाणेरच्या त्या कंपनीत तसा नियमच होता. कंपनी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम बनवायची, आणि तिच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड ज्या फोल्डरमध्ये राहील त्याच फोल्डरची तो लिहिणारी माणसं धरली जायची. यामिनीच्या कोडमुळे एका खऱ्या संगणकावर अनेक खोटे संगणक चालत. प्रत्येक खोट्याला वाटे, सगळं यंत्र आपलंच आहे. खोट्यांना पाहुणे म्हणत आणि खऱ्याला यजमान. हा कोड वर्षानुवर्षं चार वेगळ्या फोल्डरांत विखुरलेला होता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

धनंजय बोंद्रे यांना मात्र तो विखुरलेला बघवेना. बोंद्रे पुनर्रचना समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी आयुष्यात कोडची एकही ओळ लिहिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका घ्यायला जागाच नव्हती. नव्या फोल्डरला ‘व्हर्ट’ म्हणायचं की ‘व्हर्च्युअल’, यावर समिती दिवाळीपासून होळीपर्यंत बसली. शेवटी ‘व्हर्ट’ ठरलं, कारण दुसऱ्याचं स्पेलिंग बोंद्रे यांना दर वेळी कुणाला तरी विचारावं लागे.

“म्हणजे मी आता नक्की कुठे आहे?” यामिनीने विचारलं. त्यासाठी तिला लोकरे यांचं तोंड वापरावं लागलं.

शिरीष लोकरे हिशेब विभागात होते. प्रकृती दणकट, काम बेताचं, म्हणून यजमान म्हणून त्यांना नेमलं होतं. चारही पाहुणे आता त्यांच्यावर आळीपाळीने चालत होते.

“तुम्ही व्हर्टमध्ये आहात, खासनीस मॅडम,” बोंद्रे म्हणाले. “आता कसं, सगळं एका जागी. नीटनेटकं.”

“माझे हात कुठे आहेत?”

“पाहुण्यांना स्वतःचं हार्डवेअर नसतं. हे तुम्हीच लिहिलंय ना?”

तिनेच लिहिलं होतं. ती काही म्हणणार तेवढ्यात तिची वेळ संपली, चौघांतल्या फिरोज मुजावरचा नंबर लागला, आणि त्याने त्याच तोंडाने चहा मागवला.

संध्याकाळी लोकरे तळेगावला घरी गेले. म्हणजे यामिनीही गेली. तिचा नवरा निनाद रोज कोथरूडहून तिथे येऊ लागला. लोकरे वहिनी त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवत आणि नवरा-बायकोला मोकळेपणी बोलता यावं म्हणून आत निघून जात. निनाद सोफ्यावर लोकरे यांच्या शेजारी बसून बायकोच्या नंबराची वाट बघे.

“जेवलीस का?” तिचा नंबर लागला की तो विचारी.

“लोकरे जेवले. आमटीत लसूण होता. मला नाही चालत, त्यांना चालतो.”

एकदा त्याने तिचा हात हातात घेतला. तो जाडजूड होता आणि मनगटापर्यंत केसाळ होता. तेवढ्यात वेळ संपली.

“राहू द्या हो,” लोकरे अवघडून म्हणाले. “येईल त्यांचा नंबर परत.”

निनादने हात सोडला नाही. लोकरे यांनीही मग तो तसाच राहू दिला आणि टीव्हीचा आवाज कमी केला. यामिनी परत आली तेव्हा तिला आपला हात कुणीतरी धरलेला आढळला, आणि तो कुणी धरलाय हे बघायच्या आधीच ती रडायला लागली. डोळे लोकरे यांचे होते, पण त्यांनी ते आनंदाने दिले.

दुसऱ्या दिवशी तिने समितीकडे मागणी केली, की कोड मूळ जागी परत ठेवा.

“तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे,” बोंद्रे म्हणाले. “पण मग समितीचं चुकलं असा अर्थ निघेल.”

तसा अर्थ निघू नये म्हणून मागणी फेटाळली गेली.

वैशाखात लोकरे यांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भूल द्यायची ठरली. यजमान झोपणार म्हणजे पाहुण्यांना चालू अवस्थेतच दुसऱ्या यजमानावर हलवणं आलं. तोही कोड यामिनीचाच होता. ज्याच्यावर सर्वांत कमी भार, त्याला तो आपोआप निवडायचा. त्याने शिपायापासून संचालकांपर्यंत सगळी कंपनी तपासली आणि बोंद्रे यांना निवडलं.

“काहीतरी गफलत आहे,” बोंद्रे म्हणाले. “मी अध्यक्ष आहे.”

“सर, तुमच्यावर काहीच चालू नाहीये,” लोकरे यांच्या तोंडून यामिनी म्हणाली, आणि त्याच वाक्याच्या शेवटी ती बोंद्रे यांच्यात पोचली.

आत भरपूर जागा होती. उजेड चांगला होता, वाराही खेळता होता, आणि कुठे काही वापरल्याची खूण नव्हती. लोकरे यांच्याकडे नंबरासाठी ताटकळावं लागे. इथे चौघंही एकाच वेळी पाय पसरून बसली तरी कुणाला कुणाचा धक्का लागत नव्हता. त्या आठवड्यात बोंद्रे यांनी बैठकीत पहिल्यांदाच मुद्द्याचं काहीतरी सांगितलं. समितीला ते इतकं अनपेक्षित होतं की कुणीतरी पाणी आणलं.

लोकरे बरे होऊन आपले पाहुणे न्यायला आले. त्यांना घर सुनं सुनं वाटत होतं.

“मनापासून आभार,” यामिनी बोंद्रे यांच्या तोंडून म्हणाली. “पण आम्ही इथेच राहतो. निनादही सामान घेऊन येतोय.”

बोंद्रे यांचा नंबर आता रोज जेवणानंतर लागतो. ते डोळे उघडतात, आज मीटिंग आहे का विचारतात, आणि नाही म्हटल्यावर उरलेला वेळ पाहुण्यांना देऊन टाकतात.