सोबत्याचा होकार

दाजींच्या बोटांना ठसेच उरलेले नव्हते. आयुष्यभर भट्टीतून तापलेले पत्रे ओढून बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. ही गोष्ट इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितली नव्हती, ती सांगितली नव्या फोनने.

"ओळख पटत नाही म्हणतोय," दाजी म्हणाले.

"बोट पुसून लावा बाबा. पीठ असेल हाताला," पलीकडून लेक म्हणाली. ती लांबच्या शहरात राहत होती आणि ऑफिसातल्या जिन्यात उभी राहून बोलत होती.

"पीठ नाहीये. साबणाने धुतलाय हात."

"मग आकडे टाकून उघडा. आता वर तीन ठिपके दिसतात का?"

"हॅलो? हॅलो?"

"बाबा, फोन कानाला लावला तर ठिपके कसे दिसतील?"

"आणि डोळ्यांसमोर धरला तर तू कशी ऐकू येशील?"

एवढ्यावर बापलेकीचं नेहमी अडायचं. लेकीची जेवणाची सुट्टी संपायची, दाजींचे पाव करपायला यायचे आणि फुटबॉल क्लबाचं ॲप जिथल्या तिथे राहायचं.

कोपऱ्यावरच्या बेकरीचे मालक ते हे दाजी. बायकोचे भाऊ दाजी म्हणायचे, ते ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि शेवटी पाटी रंगवणाऱ्यानेही तेच रंगवून टाकलं. त्यांची बायको तशीच सगळ्यांची ताई. ताई गेल्या हिवाळ्यात गेल्या. चार दिवस ताप काय आला, पाचव्या दिवशी घर रिकामं झालं.

फुटबॉलचं वेड खरं तर ताईंचं. दाजी आपले सोबत जायचे. पूर्वेच्या स्टँडमध्ये, कॉर्नरच्या झेंड्याच्या बरोबर वर, त्यांच्या दोन जागा ठरलेल्या होत्या. तिथून ताई पंचाचा असा उद्धार करायच्या की समोरच्या संघाचे लोकसुद्धा वळून बघायचे. हंगाम सुरू व्हायच्या आधी पोस्टाने जाड लखोटा यायचा. त्यात वर्षभराची तिकिटं, दोन-दोन जोडलेली, मध्ये भोकांची रेघ. मॅचच्या दिवशी ताई ती रेघ नखाने दाबून तिकिटं वेगळी करायच्या आणि दोन्ही स्वतःच्याच पर्समध्ये ठेवायच्या. "तुमच्याकडे दिलं तर भट्टीत जाईल," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत दाजींनी स्वतःचं तिकीट स्वतःच्या हातात कधी धरलंच नव्हतं.

यंदा लखोटा आला नाही. तिकिटं आता मोबाईलवरच मिळणार होती.

दाजींनी कुणाला न विचारता दोन्ही जागा घेतल्या. लेकीलाही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? तुझी आई नाही, पण तिच्या जागेवर परका माणूस शेंगा सोलत बसलेला मला बघवणार नाही, असं? एक जागा घेऊन दुसरी सोडून द्यायची, हे त्यांच्याच्याने झालं नाही.

अखेर एका दुपारी, लेकीच्या मदतीशिवाय, चष्मा कपाळावर आणि जीभ दातांत धरून दाजींनी ॲप उघडलं. त्यांचं तिकीट दिसलं. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक चौकोन, मुंग्या चिरडल्यासारखा. त्याखाली प्रश्न आला: दुसऱ्या जागेवर कोण बसणार? नाव आणि मोबाईल नंबर द्या.

दाजींनी एका बोटाने ताईंचं नाव लिहिलं. नंबर तोंडपाठ होता. दुसऱ्या कुणाचा पाठही नव्हता.

"निमंत्रण पाठवले आहे," ॲप म्हणालं.

दाजींना बरं वाटलं. आता ती जागा ताईंच्या नावावर रिकामी राहील, संपलं. पण ॲपचं संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कणीक मळायला उठले तर फोनवर अक्षरं आलेली: "तुमच्या सोबत्याने अद्याप होकार दिलेला नाही. आठवण करून द्यायची का?" खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'.

दाजींनी फोन दिव्याखाली नेऊन पुन्हा वाचलं. मग त्यांनी 'हो' दाबलं. 'नको' कसं दाबणार?

दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच, तिसऱ्या पहाटेही तेच. पुढे पुढे तर भट्टी पेटवायची, पहिला चहा ठेवायचा आणि 'हो' दाबायचं, असा क्रमच बसून गेला. ताईंचा फोन कपाटात बंद पडलेला होता, नंबर लेकीने कधीच बंद करून टाकला होता, हे दाजींना नीट ठाऊक होतं. ते काही भ्रमिष्ट झाले नव्हते. पण दिवसातून एकदा का होईना, तिला काहीतरी सांगायला निमित्त होतं.

आणि पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी, पावाचे पत्रे बाहेर काढत असताना, फोन खणखणला.

"अभिनंदन! तुमच्या सोबत्याने होकार दिला आहे."

खाली ताईंचं नाव होतं, नावापुढे हिरवी खूण.

दाजी मैद्याच्या पोत्यावर मटकन बसले. पुढचे पाव करपले, त्यापुढचे कच्चे राहिले. यंत्राची काहीतरी गडबड आहे, असं त्यांनी स्वतःला दहादा बजावलं. तरी रविवारी सकाळी त्यांची दाढी दोनदा झाली, आणि ताईंनी विणलेला मफलर उन्हाळ्यातच गळ्यात आला.

मैदानाच्या दारात नुसता गोंधळ उडालेला होता. तिकीट फाडणारा नेहमीचा माणूस जाऊन त्याच्या जागी एक लोखंडी खांब आला होता. त्या खांबाला फोन दाखवायचा. कुणी फोन उलटा दाखवत होतं, कुणी खांबाला चक्क "नमस्कार" म्हणत होतं. एका निवृत्त पोस्टमनने तर फोनच्या पडद्याची झेरॉक्स काढून आणली होती आणि तो हट्टाला पेटला होता.

"इतकी वर्षं ह्या लोकांची तिकिटं मी घरोघरी पोचवली," तो रखवालदाराला सांगत होता, "आणि आज माझाच कागद चालत नाही?"

"कागद चालत नाही काका, फोन दाखवा."

"फोन घरी ठेवून आलोय. हरवायला नको म्हणून झेरॉक्स काढली ना!"

शेवटी रखवालदाराने त्याला कंटाळून आत सोडला. दाजींची पाळी आली. खांबाने दोनदा नकार दिला.

"काका, उजेड वाढवा," रखवालदार म्हणाला.

दाजींनी बिचाऱ्यांनी वर आभाळाकडे बघितलं. रखवालदाराने फोन काढून घेतला, कुठेतरी बोट फिरवलं, खांबाने शिट्टी मारली आणि दाजी आत ढकलले गेले. मागे वळून सवयीने त्यांनी हात पुढे केला, अर्धं फाडलेलं तिकीट परत घ्यायला. रखवालदाराने तो हात हातात घेऊन हलवला. "शुभेच्छा काका," तो म्हणाला.

ताईंची जागा रिकामी होती. ती रिकामीच असणार होती, तरी दाजींनी मागच्या-पुढच्या रांगा एकदा बघून घेतल्या. त्यांनी आपली टोपी त्या जागेवर ठेवली आणि शेजारी बसले. पुढच्याच रांगेत पोस्टमन होता. त्याने मागे वळून टोपीकडे बघितलं, दाजींकडे बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. एक धिप्पाड बाई लोकांचे गुडघे तुडवत रांगेतून आली आणि समोर उभी राहिली. डोळे तांबारलेले, केस कसेतरी बांधलेले.

"टोपी उचला. जागा माझी आहे."

"ही जागा घेतलेली आहे," दाजी म्हणाले.

"मीच घेतलीये. हे बघा तिकीट."

"असेल. पण ही जागा माझ्या बायकोची आहे."

"अहो, टोपी उचलता की तिच्यावरच बसू?"

मागचे लोक ओरडायला लागले. "खाली बसा!" "आधी घरी भांडून या की!" तेवढ्यात जागा दाखवणारा माणूस धावत आला. त्याने बाईंचा फोन बघितला, दाजींचा फोन बघितला आणि दाजींकडे रागाने पाहिलं.

"काका, काय हे? तिकिटावर तुमच्या बायकोचंच नाव आहे. तुम्हीच बोलावलंय त्यांना. मग बसू का देत नाही?"

"ह्या माझी बायको नाहीत."

"घरात खटका उडाला की असंच म्हणतो माणूस."

"अहो, माझी बायको गेली हो!"

"कुठे गेली? ह्या काय इथे उभ्या आहेत!"

आसपासचे लोक खो-खो हसले. एकटा पोस्टमन हसला नाही. तो उठला, जागा दाखवणाऱ्याचा दंड धरला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलला. त्या माणसाचा चेहरा पडला. तो दोन पायऱ्या मागे सरला आणि निघून गेला. हसणं रांगेरांगेने विझत गेलं.

बाई उभीच होती. आता तिचा आवाज खाली आला होता.

"हा नंबर त्यांचा होता?"

दाजींनी मान हलवली.

"मी नवीन सिम घेतलं, दुकानदाराने हा नंबर दिला," ती म्हणाली. "मी रुग्णवाहिका चालवते, रात्रपाळीला. पहाटे घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच तुमची आठवण! रोज! फोन बंद ठेवता येत नाही, कुठूनही बोलावणं येतं. काल इतकी चिडले, 'नकार' दाबायला गेले, झोपेत भलतंच दाबलं गेलं. म्हटलं, आता समोरासमोर जाऊन ह्या माणसाला चार शब्द सुनवायचेच."

"सुनवा," दाजी म्हणाले. त्यांनी टोपी उचलली.

ती बसली. सुनवायचं मात्र काही तिला आठवेना. समोर आपल्या संघाच्या बचावपटूने चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या पायात नेऊन दिला आणि गोल झाला. स्टँडभर हाय हाय झालं. ताई असत्या तर आत्ता काय म्हणाल्या असत्या, ते दाजींना शब्दाशब्दानिशी ऐकू आलं.

"माणसं फार होती हो त्यांना," बाई एकदम म्हणाली. "सारखे फोन येतात. कुणी म्हणतं लोकर आलीये, कुठला रंग ठेवू? दातांचा डॉक्टर म्हणतो, तुम्ही आलाच नाहीत. मी सगळ्यांना राँग नंबर म्हणून सांगते. एक मावशी आहेत, त्यांना तेवढं पटत नाही. दर रविवारी फोन करतात. पहिल्यांदा सांगितलं राँग नंबर, तर म्हणाल्या, थट्टा पुरे कर. मग काय, मीच बोलते आता. काय जेवले, पाय दुखतो का. तेवढंच त्यांना."

दाजींच्या हातातली टोपी निसटली. मावशी म्हणजे ताईंची धाकटी मावशी, वृद्धाश्रमात असलेली. तिला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा ती ऊर फुटेस्तोवर रडली आणि दोन्ही वेळा सकाळपर्यंत विसरली. तिसऱ्यांदा सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. भाचीचा फोन का येत नाही, असं मावशी आता विचारत नाही, सुखात असते, असं लेक सांगायची, तेव्हा दाजींना त्याचं नवलच वाटायचं.

"आज रविवार," ते म्हणाले.

तिच्या खिशात फोन वाजला. तिने बघितला आणि दाजींपुढे धरला. "त्याच आहेत. घ्या, तुम्ही बोला. तुमचं माणूस आहे."

दाजींनी दोन्ही हातांनी फोन कानाला लावला. घसा खाकरून घेतला. "मावशी, मी दाजी बोलतोय..."

"कोण?" मावशीचा आवाज खणखणीत होता. "कोण पुरुष बोलतोय हा? मी माझ्या भाचीला फोन केलाय. राँग नंबर!"

फोन कट झाला.

दाजींनी फोन मांडीवर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू होतं ते, निदान सुरुवात तरी हसण्यानेच झाली. पोस्टमनने मागे न बघताच आपला रुमाल खांद्यावरून मागे धरला. दाजींनी तो घेतला.

फोन पुन्हा वाजला. दाजींनी तो बाईच्या हातात दिला. "बोला तुम्ही," ते कसेबसे म्हणाले. "तुमच्याशीच बोलते ती."

"हां मावशी," बाई म्हणाली. "हो, मघाशी राँग नंबर लागला असेल. हो, मॅचलाच आलोय. हो, शेजारीच बसलेत. नाही, ओरडले नाही मी अजून पंचावर, ओरडते." ती थांबली, ऐकत राहिली, आणि तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून दाजींकडे बघितलं. दाजींचं तोंड रुमालात होतं.

"कोण रडतंय? अहो, ते होय," ती म्हणाली. "काही नाही मावशी. आपण हरतोय."