'मी लिहितो' – कोण?

टाचण क्र. ३

*इयत्ता चौथी. विषय मराठी. घटक : कर्त्याच्या लिंगानुसार क्रियापद. वेळ ३५ मिनिटे.*
*पूर्वज्ञान : विद्यार्थ्यांना मुलगा व मुलगी यांतील फरक माहीत आहे.*

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर संयोगिता बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. विद्यार्थ्यांना फरक माहीत होताच. अडचण तिची होती. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, हातकणंगल्याहून रोज कोल्हापूरला येणारी ही वीस वर्षांची मुलगी जन्मात कधी 'मी आले' म्हणाली नव्हती. ती 'मी आलो' म्हणायची. तिची आई, आत्या, मावशी, शेजारीण, सगळ्याच 'मी आलो' म्हणायच्या, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही बाईपणाबद्दल गावात आजवर शंका निघाली नव्हती.

शंका निघाली ती सराव पाठात. पाठ बघायला येणाऱ्या मॅडम मूळच्या नाशिकच्या. तीन वर्षं कोल्हापुरात भाड्यानं राहूनही आपण आपल्या भाषेला इथलं पाणी लागू दिलेलं नाही, हे त्या आठवड्यातून एकदा तरी सांगायच्या. पहिल्या पाठाला त्यांनी टाचणवहीत शेरा दिला : 'स्वतःविषयी बोलताना छात्राध्यापिका पुरुष होतात.' दुसऱ्या पाठाला लाल शाईत तीनच शब्द : ''मी लिहितो' – कोण?' तिसराही पाठ भाषेवरून गेला, तर परीक्षेच्या फॉर्मवर सही नाही आणि वर्ष वाया. आणि विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा तिच्या मैत्रिणीला, सबिनाला, 'पाण्याची रूपे' आली. संयोगिताला हे.

तिनं घरी सराव करून बघितला.

"आई, मी आले," ती दारातून म्हणाली.

शालूबाईंचा भाकरी थापता थापता हात थांबला. "कोण पावणं बघाय आल्यात काय? लाजाय काय लागलीस?"

आण्णा, म्हणजे आजोबा, कॉटवर उठून बसले. "आले म्हंजे किती जण हाईत? चहा टाका की मग."

शेवटी सबिनानंच तोड काढली. "अगं, 'मी' म्हणायचंच न्हाय. 'बाई' म्हणायचं. बाई फळ्यावर लिहितील, बाई चित्र दाखवतील. पस्तीस मिनिटं तर काढायची हाईत."

प्रस्तावना

*प्रश्न : आई बाजारातून आली. ती काय म्हणेल?*
*अपेक्षित उत्तर : मी बाजारात गेले होते.*
*मिळालेले उत्तर : "मी बाजारात गेलतो!" (बत्तीस जण, एका सुरात.)*

"बरं. आणि बाबा बाजारातून आले, तर काय म्हणतील?"

"मी बाजारात गेलतो!"

"मग दोघांत फरक काय?"

वर्गानं विचार केला. सम्राटचा हात वर गेला. "आई पिशवी घिऊन गेलती."

मागच्या बाकावर मॅडमच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

शैक्षणिक साहित्य

"आता बाई तुम्हाला एक चित्र दाखवतील," संयोगिता म्हणाली.

सगळ्या वर्गानं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. थोडा वेळ वाट बघून मुजम्मिलनं विचारलं, "कवा येणार?"

"कोण?"

"चित्रवाल्या बाई."

"अरे, बाई म्हणजे... ह्या. ह्याच बाई." तिनं स्वतःकडे बोट केलं. मॅडमनी काहीतरी लिहिलं.

चित्र तिनं दोन संध्याकाळी खर्चून रंगवलं होतं. दोन वेण्यांची, दप्तर घेतलेली मुलगी, आणि तिच्या तोंडाजवळच्या फुग्यात दोन शब्द : 'मी आले.' तिनं ते मुजम्मिलला वाचायला दिलं. त्याच्या अब्बांचा भाजीचा गाडा होता. त्यानं वाचलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, आलं कुठंय ह्यात? नुसती पोरगीच काढलाय."

"चहातलं आलं नव्हे रे. आले. म्हणजे, ती आली."

"आले म्हंजे लई जण की," सम्राट म्हणाला. "ही तर एकटीच दिसत्या." त्यानं चित्र हातात घेतलं, उलटं केलं आणि मागं निरखून पाहिलं. मागं मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा होता. "न्हाय बाई. बाकीच्या न्हाईत."

नाट्यीकरण

*(हे टाचणात नव्हतं. ऐन वेळी सुचलं. सुचायला नको होतं.)*

राजनंदिनी वर्गाची मॉनिटर. तिच्याकडे एक लाल पेन्सिल होती, आणि ती कुणाचीही वही तपासून द्यायची, त्यानं मागितलेलं नसलं तरी. संयोगितानं तिलाच उभं केलं.

"बाहेर जा. आत ये. आणि 'बाई, मी आले' असं म्हण."

राजनंदिनी गेली, आली आणि उंबऱ्यावर थांबली.

"म्हण की."

"न्हाय म्हणणार. पोरं हसत्यात. असलं मालिकेतल्या सुना बोलत्यात."

"बाई, मी म्हणतो!" उदयसिंह उठलाच. अंगानं वर्गात सगळ्यांत दांडगा. तो बाहेर गेला आणि डोक्यावर हातरुमाल घेऊन मुरडत आत आला. "अगं बाई, मी आले!"

टाळ्या पडल्या. "मी बसले!" असं म्हणून तो बसला, तेव्हा आणखी पडल्या. मग मुलांना थांबवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. "मी पडले!" "मी त्याला ढकलले!" "बाई, मी एकीला चालले!" मुली कानांवर हात ठेवून ओरडत होत्या, "बाई, ह्यांस्नी सांगा! न्हाय तर आम्ही घरी जातो!" पाच मिनिटांत वर्गातले सगळे मुलगे स्त्रीलिंगी आणि सगळ्या मुली पुल्लिंगी झाल्या होत्या. मॅडमनी पान उलटलं.

अशात खिचडी करणाऱ्या बनाबाई पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"बाई, खिचडी आणलो. हितं ठेवून जातो."

संयोगितानं डोळे मिटले.

"बाई," सम्राट म्हणाला, "बनामावशी बाईमाणूसच हाय न्हवं? मग त्यांचं बी चुकलं?"

बनाबाई जाता जाता थांबल्या. "काय चुकलं माझं? मीठ जास्त पडलंय व्हय?"

"न्हाय हो मावशी, तसं न्हाय..."

"चव बघायच्या आधीच चुकलं म्हणालाय? सतरा वर्षं खिचडी करालोय मी!"

"करालोय! करालोय!" मुलींची बाजू सामना जिंकल्यासारखी ओरडली.

"आले! आले!" मुलांनी बाक बडवले.

दृढीकरण

*(ही पायरी झाली नाही.)*

मूल्यमापन

टेबलावर डस्टर आपटला. खडूच्या धुळीत संयोगिता दिसेनाशी झाली; आवाज तेवढा आला.

"गप्प बसा! मघापासनं घसा फोडून सांगाय लागलोय, मी काय येडा हाय काय?"

वर्ग गार झाला. धूळ हळूहळू खाली बसली आणि तिला मागच्या बाकावरच्या मॅडम दिसल्या, पेन वर धरलेल्या. फॉर्म, सही, वर्ष, सगळं त्या पेनाच्या टोकाला लोंबकळत होतं. पस्तीसपैकी तेहतीस मिनिटं तिनं 'मी' गिळला होता. आणि आता एका दमात निघाला तो असा.

राजनंदिनी उभी राहिली.

"बाई, चुकलासा."

"काय?"

"तुम्ही 'लागलोय' म्हटलासा. तुम्ही पोरगी हाय न्हवं? मग 'लागलेय' पायजे."

"आणि येडा न्हाय," मुजम्मिल म्हणाला. "येडी."

"'हाय' बी चुकलं काय?" सम्राटनं शेजारी विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे," राजनंदिनी म्हणाली. "ते पोराचं आन् पोरीचं एकच असतंय."

संयोगिता फळ्याला टेकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "हे... किती जणांना कळलं?"

बत्तीस हात वर गेले. तेहतिसावा दारातून आला, पळीसकट. "मला बी कळलं," बनाबाई म्हणाल्या. "खरं मी न्हाय बोलणार तसं."

घंटा झाली.

शेरा

मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग घड्याळ बघितलं, त्यांना दुसऱ्या शाळेत आणखी एका पाठाला पोचायचं होतं. त्यांनी घाईनं सही केली, टाचणवही राजनंदिनीच्या हातात दिली आणि "तुमच्या बाईंना दे" असं सांगून त्या निघून गेल्या. मागच्या बाकापासून टेबलापर्यंत वही यायला जरा जास्तच वेळ लागला. खिचडीच्या रांगेत कोण पुढं यावरून भांडण लागलं होतं, ते सोडवण्यात तिच्या ते लक्षात आलं नाही.

तिनं वही उघडली. डाव्या पानावर मागच्या पाठाचा तो लाल शेरा, तीन शब्दांचा. उजवीकडे नवा :

'वर्गनियंत्रण कमी. छात्राध्यापिकेची भाषा अद्याप तीच. तथापि तिची चूक सर्व विद्यार्थ्यांनी तत्काळ व कारणासह दुरुस्त केली. मागील बारा वर्षांत एखाद्या पाठाचे उद्दिष्ट इतके पूर्ण साध्य झालेले मी पाहिलेले नाही. पाठ उत्तीर्ण. पूर्ण वेळ उपस्थित होतो.'

खाली सही. तारीख.

'उत्तीर्ण' हा शब्द संयोगितानं तीनदा वाचला. एकदा मोठ्यानं. चौथ्यांदा वाचताना तिची नजर एक ओळ खाली घसरली आणि तिथंच थिजली. 'होतो'भोवती लाल पेन्सिलीचा गोल होता. समासात, डाव्या पानावरचं अक्षर बघून बघून काढलेलं : ''होतो' – कोण?' आणि त्याच्याखाली, मॅडमच्या सहीला अगदी चिकटून : ५ पैकी ४.

ही वही उद्या सकाळी अध्यापक विद्यालयात, मॅडमच्याच टेबलावर जायची होती.

"राजनंदिनी! हिकडं ये. हे कुणी लिहिलं?"

राजनंदिनीनं खिचडीची ताटली खाली ठेवली, लाल पेन्सिल कानावर खोचली आणि मान ताठ केली.

"मी लिहिलो, बाई."