वाघोबाच्या शिवेवर दिवाणांनी चुना दिला, त्याची हकीकत

श्रीवाघोबा शीव राखितो, म्हणोन लिहिणारास भय नाही. शालिवाहन शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, आश्विन मास. ते समयी एका राज्यात खाली कसबा आणि वर डोंगरी पाडा. कसब्याचा कारभार दिवाण भिकोपंत पाहात, पाड्याचा लाडक्या नाईक पंचांसह पाहात. भिकोपंतांचे मनी एकच हेत की, आपले नावे बैलबाजार वसावा, भिकोपंती पेठ म्हणोन नातवंडांनीही नाव घ्यावे. मग जमिनीचा नकाशा करविला, आणि शिवेवरील मोहाच्या झाडांखालचे पटांगण "ओसाड" लिहोन पेठेस नेमिले. पाड्याच्या चुली उन्हाळाभर त्या मोहफुलांवर पेटतात, हे कोणी पुसिले नाही. मग मोजणीदार गेले, आणि तेथील उभा धोंडा हद्दीचा समजोन त्यास चुना फासिला, वरी अंक घातिला, आणि जेवावयास परतले. तो धोंडा म्हणजे साक्षात वाघोबा.

पुढे वाघबारस आली, आणि ढोल वाजवीत अवघा पाडा कसब्यात उतरला. भिकोपंतांस वाटले, बंड जाहले! पागोटे उलटे बांधोनच सामोरे आले. तो लाडक्या नाईक हसतमुख, काखेत कोंबडा. म्हणाला, "दिवाणा, देवाला रंग दिलास, ब्येस केलंस! आता आमची रीत ऐक. ज्यानं देव रंगवला, त्यानं सालभर देवाची शीव राखायची. मोहाखाली कुणी खुंटा ठोकला, तर जाब तुला." भिकोपंतांनी मोजणीदाराकडे पाहिले, आणि मोजणीदाराने आभाळाकडे पाहिले. खरे बोलावे तर देवास धोंडा म्हटले ऐसे होते, न बोलावे तर पेठ बुडते. "पण देवावर अंक कसला रे घातलास?" ऐसे पुसोन नाईक मिशीत हसला, तेव्हा पंत उमजले की, यास सर्व ठाऊक आहे. मग घसा खाकरोन वदले, "तो... शोभेचा. शीव मी राखीन, नाईक. परंतु बाजार कोठे वसवू?" नाईक म्हणाला, "येवढंच व्हतं, तर आधी पुसायचं! ओढ्याखाली तुझाच माळ उघडा पडलाय. आम्ही खिंडीतून वाट देतो, घाटापलीकडचे बैल येतील. पण नकाशा नवा काढ, आणि मला जवळ बसव." मग दोघे एका घोंगडीवर बैसले आणि नकाशा जाहला. कोंबडा पाड्याने खाल्ला, पंतांनी काकडीवर निभाविले.

बाजार उत्तम भरला, परंतु घाटापलीकडील लोक त्यास वाघोबाची पेठ म्हणो लागले, आणि पंत बहुत रुसले. तथापि साल सरोन वाघबारस आली, तेव्हा पावसाने देवाचा चुना धुवोन नेला होता; आणि पंत आपण होऊन चुन्याचे मडके घेऊन शिवेवर हजर जाहले. नाईक म्हणाला, "यंदा अंक नाही?" पंत वदले, "गप रे, ते मडके धर."

सारांश, पेठेस पंतांचे नाव लागले नाही, ते खर्ची पडले. नाईकाने आपले नातवाचे नाव भिक्या ठेविले, ते जमेस.