बबननानांचे टप्पे

"ऐंशीचं तिकीट तुला कुणी दिलं? तू अजून स्टँडातच हाईस."

जिन्याखालून हे ऐकलं तेव्हा मी भोरला नवी होते. घरमालक बबननाना खाली राहतात, मी वरच्या खोलीत. वाटलं, कुणाशी भांडताहेत. वाकून पाहिलं तर चटईवर आठवीतला एक मुलगा, हातात गणिताचा पेपर, गुण एकवीस.

नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली, बोलणं सुटलं नाही. शाळा सुटल्यावर मुलं त्यांच्याकडे अभ्यासाला यायची. फी नाही, फळा नाही, शिकवणंही बेताचंच. नाना फक्त टप्पा ठरवून द्यायचे. भोर-स्वारगेट एसटीत भाड्याचे टप्पे असतात, तसे यांचे गुणांचे.

"एकदम स्वारगेट मागायचं न्हाई. आदी कापूरव्होळ गाठ. एकवीसचं अठ्ठावीस कर. नुसतं अपूर्णांक पक्कं कर, भूमितीकडं बघू बी नगंस. मंग शिवऱ्याचं बघू."

एकदा एका मुलाची आई आली. म्हणाली, पोराला नव्वद पडले पाहिजेत. नाना म्हणाले, "वैनी, ही लाल गाडी हाय. इमान न्हाई."

एक मुलगा तिसावरून थेट सत्तरावर गेला, तर नानांनी त्याला दारातच अडवलं. "खरं सांग, इनातिकीट आलास ना?" तो खरंच पुढच्याचं बघून लिहून आला होता.

टप्पा गाठला की नाना तोंडानं "टिंग!" करायचे आणि ओरडायचे, "उतर!" ही त्यांची शाबासकी. जुनी मुलं हसत उठायची आणि दुसऱ्या दिवशी नवा टप्पा मागायला हजर.

हे सगळं मी वरून ऐकायचे. वर्षभरात नानांशी माझं बोलणं "हो", "नाही" आणि "पाणी आलंय का" एवढंच. त्यांच्या लेखी मी 'वरच्या म्याडम'.

मग चौकात नवा क्लास निघाला. पाटीवर फक्त नव्वदच्या पुढच्यांचे फोटो. चटई हळूहळू रिकामी झाली. "गर्दीची गाडी लोकास्नी बरी वाटती," नाना म्हणाले. समोर कुणी नव्हतं.

त्यानंतर एकच मुलगी आली, नववीतली रोहिणी. तिच्या गावची, आंबवड्याची गाडी लागेपर्यंत बसायची. इंग्रजीत सारखी नापास. तिचा टप्पा पस्तीसचा. तिच्याबरोबर नानाही स्पेलिंग पाठ करायचे.

"नॉलेजच्या म्होरं हा के कशाला?"

"तो बोलत नाही, नाना. नुसता असतो."

"पासवाला असंल. बसू दे त्याला."

रोहिणीला छत्तीस पडले. धावतच आली, पेपर पुढे केला. नानांना आनंदानं नीट बसवेना. "टिंग! उतर!"

जिन्यातून मला दिसलं, तिचा चेहरा पडला. चटईवर दुसरं कुणी असतं तर तिला अर्थ सांगितला असता. तिनं पेपर घडी करून दप्तरात ठेवला, "बरं, नाना," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, निरोप तरी धाडा. "कंडक्टरनं पॅशिंजरच्या घरी जायाचं नसतं," नाना म्हणाले. "गेली असंल मोठ्या क्लासला. पोरगी हुशार हाय."

पण शाळा सुटायच्या सुमाराला ते धुतलेला सदरा घालून चटईशेजारी बसत. दारात चपला वाजल्या की मान वर व्हायची. बहुतेक वेळा त्या माझ्याच असायच्या. "म्याडम व्हय," एवढं म्हणून ते चटईचा न दुमडलेला कोपरा सरळ करायचे. मी वर निघून जायचे.

परवा स्टँडवर रोहिणी दिसली. फलाटाशी एकटीच, मांडीवर इंग्रजीचं पुस्तक उघडं. मी तिच्यापर्यंत गेले आणि तशीच पुढे निघून गेले. परत फिरले. माझं शिक्षण सगळं इंग्रजीत झालेलं; आपणहून कुणाशी बोलायचं म्हटलं की माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत येतं, आणि ते मराठीत करेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. आंबवड्याची गाडी लागली. रोहिणी उठली. तिनं पायरीवर पाय ठेवला, तसा मी तिच्या दप्तराचा पट्टा धरला. ती दचकून वळली. मागची माणसं ओरडायला लागली.

"नानांनी तुला हाकललं नाही गं," मी म्हणाले. "ते वाट बघतात तुझी. मी रोज बघते."