किल्ली साहेबांकडेच!

सैन्यात पंधरा वर्षं मी विजेचं काम केलं. माझ्या देखरेखीखाली कुणाला साधा झटकासुद्धा बसला नाही! म्हणून सातव्या मुलाखतीला निघताना नवऱ्याला म्हणाले, "आज नोकरी घेऊनच येते."

"मागच्या सहा वेळा हेच म्हणाली होतीस," वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तो म्हणाला.

चार मजली ऑफिस. देखभाल विभागाच्या साहेबांनी परीक्षा म्हणून दुसऱ्या मजल्यावरचं बिघडलेलं बटण बदलायला सांगितलं. बस्स! तळमजल्यावरची विजेची पेटी उघडली. आत चाळीस खटके आणि एकावरही नाव नाही.

"दुसऱ्या मजल्याचा कुठला?"

"अंदाजाने," तिथला वायरमन म्हणाला. "आम्ही चालू लाइनवरच करतो, ताई."

माझ्या अंगावर काटा आला. मेनच बंद करायचा! आमचा नियम साधा: बंद मेनला कुलूप आणि किल्ली वरिष्ठांकडे, म्हणजे मध्येच कुणी चालू करायला नको. कुलूप मी घरूनच नेलं होतं. किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली. "सर, काम संपेपर्यंत कुणालाही द्यायची नाही."

"वा, याला म्हणतात शिस्त! करा सुरू, मी वर येतोच." साहेब खूश होऊन गेले.

मी तीनदा ओरडले, "मेन बंद होतोय!" खटका ओढला, कुलूप घातलं.

"ताई," वायरमन हळूच म्हणाला, "साहेब लिफ्टने गेले."

आम्ही जिन्याने धावलो. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या बंद दाराआडून आवाज आला, "अहो बाई, लाइट!"

"सर, किल्ली!"

"तुम्हीच म्हणालात, कुणालाही द्यायची नाही!"

"मला चालेल, सर!"

वायरमनने दार दोन बोटं फाकवलं. किल्ली आली, माझ्या बोटांना लागली आणि खाली गेली. आवाज यायला लागलेल्या वेळावरून मी खोली काढली: नऊ मीटर. शिक्षण असं नको तेव्हा उपयोगी पडतं!

वायरमन हातोडी घेऊन खाली गेला. दोन घावांत कुलूप तुटलं. पंधरा वर्षांची शिस्त, दोन घाव!

साहेब घामाने निथळत बाहेर आले. "सैन्यात किती वर्षं होतात?"

"पंधरा, सर."

"तरी देश शाबूत आहे!"

आठवी मुलाखत गुरुवारी आहे. फोनवर मी एकच प्रश्न विचारून घेतला. ऑफिस तळमजल्यावर आहे.