रज्जाकभाईंचा हात

राजुऱ्याच्या नाक्यावर रज्जाकभाई हात वर करून उभे असले की चंद्रपूरची एसटी हमखास थांबायची. कंडक्टर डोकं बाहेर काढून विचारायचा, "बसता का, भाऊ?"

"नाई जी, मी विकून राह्यलो!"

कंडक्टर शिव्या घालत घंटी मारायचा. रज्जाकभाई आमचे शेजारी. मुंबईच्या शेअर बाजारात एका दलालासाठी ओरडायची नोकरी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केली. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू जात नसे, म्हणून सौदे हातांनी व्हायचे. तळवा आपल्याकडे वळवला की घेतो, समोर केला की विकतो. पुढे कॉम्प्युटर आले, ओरडणं संपलं आणि रज्जाकभाई गावी परतले.

नाक्यावरच्या चिंचेखाली ते बाजाराचा इतिहास ऐकवत. "गुरुजी, पैले इमारत-बिमारत काई नव्हती. रस्त्यावर वडाखाली चार दलाल उभे राहत. गर्दी वाढली, लोकं बोंबलले, का चालले दुसऱ्या झाडाखाली. असं करता करता एक गल्ली गावली. कागद नाई, सही नाई. हात देल्ला, विषय संपला! जो फिरला, त्याले मंग झाडाखाली कोणी उभं करे नाई."

इतिहास मीही शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात पोरं पेंगतात, आणि यांच्यापुढे पानवाला गिऱ्हाईक सोडून बसायचा. मला हेवा वाटे, खोटं कशाला बोलू.

मग त्यांच्या बायकोला, जुलेखाभाभींना, लकवा मारला. वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. रज्जाकभाईंनी त्यांना बाजारातले हात शिकवले. चहा हवा, तळवा आत. औषध नको, तळवा बाहेर. एकदा मी भेटायला गेलो, तर भाभींनी मला बघून तळवा बाहेर केला.

"तुमाले विकून टाकलं, गुरुजी!" रज्जाकभाई खो-खो हसले. भाभीही अर्ध्या तोंडानं हसल्या.

दुसरा झटका आला तेव्हा भाभी नागपूरला महिनाभर नळ्या लावून पडून होत्या. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, पुन्हा नागपूर गाठा. जीप दारात आली. मी सामान उचलायला आत गेलो, तर रज्जाकभाई खाटेपाशी बसले होते.

"नागपूरले जाऊ ना?"

भाभींनी तळवा बाहेर केला.

"नीट सांग. मले दिसलं नाई."

पुन्हा बाहेर. मग रज्जाकभाईंनी तो हात आपल्या हातात धरला आणि हळूहळू आत वळवू लागले. भाभी नुसत्या त्यांच्याकडे बघत होत्या. अर्ध्यावर आणून त्यांनी तो सोडून दिला.

ते अंगणात आले, तेव्हा मी चिडलो. "भाऊ, हा काय बाजार होय का? उचला भाभीले!"

"उचलाले काय, वजन काय राह्यलं तिचं," ते म्हणाले. "पण गुरुजी, मी मुंबईले गेलो तवा तिले इचारलं नाई. इतकी वर्सं इथी एकटी ठेवली, तवाबी नाई. जिंदगीत पैल्यांदा इचारलं, अन् तिनं सांगतलं. आता मी काऊन ऐकू नाई?"

ते परत खाटेपाशी जाऊन बसले. मीच जाऊन जीपवाल्याला परत जायला सांगितलं.